वेल्समधील लहान टेकड्यांची नावे जुन्या नकाशांवरून कशी निश्चित करावीत?

पायवाट (प्रश्न)

नमस्कार. गेली चार वर्षे माझा मुक्काम पश्चिम वेल्समधील केरेडिग्यॉन परगण्यात आहे. घराच्या मागे सुमारे २८० मीटर उंचीची एक टेकडी आहे आणि आठवड्यातून दोनदा तरी मी तिच्यावर जातो. ब्रिटनची सरकारी नकाशा-मोजणी संस्था असलेल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या सध्याच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर तिच्या माथ्यापाशी फक्त उंचीचा आकडा आहे, नाव नाही. भोवतालच्या भूभागापासून किमान ३० मीटर उठून असलेल्या टेकड्यांच्या ज्या याद्या ब्रिटनमधील हौशी गिर्यारोहकांनी केल्या आहेत, त्यांतील एका यादीत ही टेकडी सापडते; पण तेथे पायथ्याच्या शेताचे नाव उचलून टेकडीला दिलेले आहे. ज्यांचे ते शेत आहे, ते माझे शेजारी मेंढ्या पाळतात. ते टेकडीला 'बांक' म्हणतात आणि त्यापुढे आपल्या शेताचे नाव जोडतात.

हे दोन प्रकार समोर असताना मी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर एकोणिसाव्या शतकातील सहा इंची, म्हणजे एका मैलाला सहा इंच प्रमाणाचा, नकाशा उघडला (इंग्लंड आणि वेल्सची जुनी नकाशापत्रकेही तेथे विनामूल्य पाहता येतात), तर त्यावर 'केव्हन' या शब्दाने सुरू होणारे तिसरेच नाव निघाले. या नावाची अक्षरे एकमेकांपासून बरीच दूर, तिरक्या ओळीत छापलेली आहेत. पहिले अक्षर माथ्याच्या थोडे खाली, तर शेवटचे अक्षर पश्चिमेकडील ओढ्याजवळ आहे. माथ्यावरून तुटक ठिपक्यांची हद्दरेषा गेलेली आहे. शेत शेजाऱ्यांचे असल्यामुळे पूर्ण नावे येथे लिहीत नाही, त्याबद्दल क्षमस्व.

यादीच्या संपादकांना मला योग्य नाव कळवायचे आहे. कोणता नकाशा पुरावा म्हणून ग्राह्य धरावा, आणि नकाशातील नाव व शेजाऱ्यांच्या तोंडचे नाव यांत फरक पडला तर कोणाचे मानावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी वहिवाट

आपण अक्षरांच्या जागा इतक्या बारकाईने पाहिल्या आहेत की अर्धे काम झाले, असे मी म्हणेन. नकाशावर नाव आहे की नाही एवढेच बहुतेक जण पाहतात. ते नाव नेमक्या कोणत्या जमिनीवर पसरले आहे, हे पाहायचे राहून जाते.

प्रथम नकाशांची उतरंड सांगतो. ऑर्डनन्स सर्व्हेची स्थापना १७९१ ची. त्यांची एका मैलाला एक इंच प्रमाणाची पहिली मालिका केरेडिग्यॉनपर्यंत पोहोचली ती १८३० च्या दशकात. त्या नकाशात डोंगरउतार रेघारेघांनी दाखवलेले असल्यामुळे नावांना जागाच थोडी उरते, म्हणून लहान टेकड्यांच्या बाबतीत त्या पत्रकावर एखादे नाव नाही याचा अर्थ ते नाव तेव्हा प्रचारात नव्हते असा होत नाही. या मालिकेसाठी मोजणीदारांनी केलेली दोन इंची हस्तलिखित रेखाटने ब्रिटिश लायब्ररीत आहेत. छापील पत्रकावर न आलेली नावे त्यांत कधीकधी मिळतात, तेव्हा तीही पाहावीत.

पण लहान टेकडीसाठी मुख्य आधार सहा इंची नकाशाचाच, म्हणजे १:१०,५६० प्रमाणाचा. याचे कारण फारसे कोणी सांगत नाही. पंचवीस इंची, म्हणजे १:२,५०० प्रमाणाचे, याहून मोठे नकाशे त्याच काळात झाले, परंतु ते लागवडीखालील जमिनीचे. माळरान आणि डोंगरमाथे त्या प्रमाणावर मोजण्याइतके मोलाचे मानले गेले नाहीत, त्यामुळे वेल्समधील उघड्या डोंगराळ भागासाठी सहा इंची पत्रक हाच सर्वांत तपशीलवार नकाशा ठरतो. केरेडिग्यॉनची ही मोजणी १८८० च्या दशकातली आहे. त्यानंतर १९०० नंतरच्या काही वर्षांत तिची फेरतपासणी झाली. दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून पाहाव्यात, कारण दुसऱ्या आवृत्तीत नाव सरकलेले, गळलेले किंवा वेगळ्या लेखनाने आलेले असू शकते.

आता अक्षरांविषयी. घराचे किंवा शेताचे नाव नकाशावर घट्ट, आडवे आणि त्या इमारतीला लागून येते. पसरलेल्या भूभागाचे नाव अंतर सोडून, त्या भूभागाच्या लांबीला अनुसरून येते. आपण वर्णन केलेले नाव तिरके आणि विरळ आहे, अर्थात ते एका धारेचे किंवा सोंडेचे नाव असण्याचा संभव मोठा आहे. माथा त्या सोंडेचा भाग आहे की नाही, हे समोच्च रेषांवरून आणि प्रत्यक्ष चालून ठरवावे लागेल. एक सावधगिरी मात्र बाळगा. नकाशावर नाव घालणारा कारागीर मोकळी जागा शोधत असे आणि हद्दरेषा, खडकांच्या खुणा व उंचीचे आकडे टाळून नाव बसवत असे. तेव्हा नाव माथ्यापासून शंभर-दोनशे मीटर दूर आहे एवढ्यावरून ते माथ्याचे नाही, असे म्हणता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते आणि ती सांगताना मला नेहमी हळहळ वाटते. मोजणीदार प्रत्येक नावाची नोंद एका वहीत करत. नकाशावर लिहिलेले नाव, त्याची वेगवेगळी लेखने, ते लेखन कोणाच्या सांगण्यावरून घेतले, ठिकाण आणि वर्णन, असे रकाने त्या वहीत असत. जमीनदार, पाद्री, शेतकरी यांपैकी कोण काय म्हणाले, हे त्यातून कळले असते. १९४० मध्ये साउदॅम्प्टनवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात ऑर्डनन्स सर्व्हेचे कार्यालय जळाले आणि वेल्सच्या या मूळ वह्या त्यात नष्ट झाल्या. म्हणून आज आपल्यापुढे निकाल आहे, पण साक्षी नाहीत. आपण सगळे जण जे काम करतो, ते या गेलेल्या साक्षी दुसऱ्या मार्गाने गोळा करण्याचेच आहे.

शब्दवेल्हाळ

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. भाषेच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण वेल्श न कळता वेल्सचे नकाशे वाचताना मी स्वतः बरीच चूक केलेली आहे.

मराठीत नामाला विभक्ती लागताना शब्दाचा शेवट बदलतो: आंबा, आंब्याचा. वेल्शमध्ये शब्दाची सुरुवात बदलते. 'मॉइल' म्हणजे उघडी, बोडकी टेकडी. हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे त्याआधी उपपद आले की 'म'चा 'व' होऊन 'वॉइल' होतो. पुढे बोलताना उपपद गळून जाते, पण त्याने केलेला बदल मागे राहतो. वेल्श लेखनात एकेरी 'एफ' हे अक्षर 'व' असे उच्चारले जाते, त्यामुळे एकच शब्द सूचीमध्ये एकदा 'एम'खाली तर एकदा 'एफ'खाली सापडतो. तसेच 'कार्न' आणि 'गार्न' (दगडांची रास), 'क्रायग' आणि 'ग्रायग' (कडा). 'गाल्ट' या उताराच्या शब्दातला 'ग' तर पूर्णच नाहीसा होऊन 'आल्ट' राहतो. जुन्या नकाशांच्या शोधसूचीत नाव मिळाले नाही, म्हणून ते नाहीच, असे ठरवण्याआधी त्याचे बदललेले रूप शोधून पाहा.

पेम्ब्रोकशरमधील प्रेसेली डोंगरांत ३६३ मीटर उंचीची एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर कांस्ययुगातील दगडांच्या तीन मोठ्या राशी आहेत आणि भोवती लोहयुगातील किल्ल्याची तटबंदी आहे. कोणी तिला 'वॉइल ड्रिगार्न' लिहितो, कोणी 'वॉइल ट्रिगार्न', तर कोणी 'मॉइल ट्रिगार्न'. तीन राशींची बोडकी टेकडी, हा अर्थ तिन्हींत तोच. 'म'चा 'व' झाला की नाही, आणि आधीचा शब्द स्त्रीलिंगी म्हणून 'ट'चा 'ड' झाला की नाही, एवढाच भेद. नावे गोळा करणाऱ्याने ही तीन नावे आहेत असे नोंदवले तर ती चूक ठरेल. हे एकच नाव आहे.

लेखनभेदांचे दुसरे कारण काळाचे आहे. वेल्श शुद्धलेखनाचे नियम १९२८ मध्ये निश्चित झाले. त्याआधीचे सगळे नकाशे त्या नियमांच्या पूर्वीचे, आणि त्यांवर नावे लिहिणारे अनेक जण इंग्रजीच्या कानाने ऐकणारे होते. 'पिमलिमॉन' या डोंगराचे इंग्रजीत 'प्लिनलिमन' झाले ते याच वाटेने. मात्र नियमांनुसार सुधारलेले रूप नेहमीच खरे असते असे समजू नये. डोल्गेलायजवळच्या 'काडेर इड्रिस' या प्रसिद्ध डोंगराच्या नावातील पहिला शब्द प्रमाण वेल्शमध्ये 'काडायर', म्हणजे खुर्ची, असा लिहितात. पण तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या 'काडेर' म्हणत आले आहेत. अशा वेळी जुन्या नकाशावरील 'अशुद्ध' लेखन हे खरे तर स्थानिक बोलीचे अचूक टिपण असते.

आता आपल्या टेकडीकडे येतो. 'केव्हन' म्हणजे पाठ, आणि त्यावरून लांबट धार. 'बांक' हा शब्द केरेडिग्यॉन आणि कार्मार्थनशर या भागांत टेकडीसाठी सर्रास चालतो. पिमलिमॉनच्या परिसरातील 'बांक ल्लेखवेड माउर' ही ५६० मीटरची टेकडी आपण पाहिली असेल. म्हणजे हे दोन शब्द एकाच गोष्टीचे प्रतिस्पर्धी असलेच पाहिजेत, असे नाही. एक लांब धारेला आणि दुसरा शेतावरच्या चढाला लागू होत असेल, तर दोन्ही खरे.

टिपण

मी भूमी अभिलेखाच्या कामातून निवृत्त झालो आहे, त्यामुळे या चर्चेत मला विशेष रस वाटला. ऑर्डनन्स सर्व्हेच्या आधीचा एक साठा आपण अद्याप पाहिलेला दिसत नाही, तो म्हणजे टाइथ नकाशांचा. पूर्वी उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला धान्याच्या किंवा जनावरांच्या रूपात द्यावा लागे. १८३६ च्या कायद्याने त्याचे रूपांतर रोख रकमेत झाले आणि त्यासाठी बहुतेक प्रत्येक पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या अखत्यारीतील गावहद्दीचा, नकाशा करण्यात आला. नकाशावर प्रत्येक तुकड्याला क्रमांक, आणि सोबतच्या पत्रकात त्या क्रमांकापुढे मालक, कसणारा, तुकड्याचे नाव, जमिनीचा प्रकार, क्षेत्र आणि आकारणी. आपल्याकडे गाव नकाशा आणि सातबारा एकत्र ठेवून वाचायची सवय असलेल्या माणसाला हे पत्रक पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटते.

हे नकाशे ॲबरिस्टविथ येथील वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत आणि संकेतस्थळावर शोधता येतात. वेल्सचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग त्यांत येतो. आपण त्याच परगण्यात राहता, तेव्हा प्रत्यक्षही जाऊ शकाल. दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्यात. मोजणीच्या अचूकतेबद्दल अधिकृत शिक्का मिळालेले नकाशे वेल्समध्ये फार थोडे आहेत, त्यामुळे त्यांवरून अंतरे मोजू नयेत. आणि सामाईक चराईचे उघडे डोंगर त्यांवर बहुधा कोरेच असतात, कारण तुकडे पाडून आकारणी करण्यासारखे तेथे काही नव्हते. म्हणून माथ्याचे नाव तेथे शोधू नका. माथ्याच्या सभोवती कुंपण घातलेल्या जमिनी आहेत, त्यांची नावे एकेक करून लिहून काढा. डोंगर आणि शेत यांच्यामधल्या चराऊ तुकड्यांना वेल्शमध्ये 'फ्रीद' म्हणतात. टेकडीचे नाव अनेकदा याच तुकड्यांच्या नावात दडलेले असते.

याशिवाय १९६५ च्या कायद्यानुसार केलेली सामाईक जमिनींची नोंदवही परगण्याच्या कार्यालयात असते, तीही पाहावी. केरेडिग्यॉनच्या मोठ्या जमीनदारांचे कागद, उदाहरणार्थ गोगेर्दन इस्टेटचे, राष्ट्रीय ग्रंथालयातच आहेत. त्यांतील हद्दीच्या वर्णनांत ओढा, दगड, माथा असे सगळे टप्पे नावांनिशी येतात. कवी, नकाशाकार आणि कोशकार लुईस मॉरिस यांनी १७४४ मध्ये याच परगण्यातील राजाच्या मालकीच्या एका जहागिरीची मोजणी केली होती, आणि ते स्वतः वेल्शभाषक होते. आपली टेकडी त्या हद्दीत येत असेल, तर तो पुरावा मी इतर सर्वांच्या वर ठेवीन.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागील दोन आठवड्यांत जे पाहता आले, ते मांडतो.

टाइथ नकाशावर आमच्या शेजाऱ्यांच्या शेताच्या वरचा, पूर्व उतारावरील मोठा तुकडा सापडला. पत्रकात त्याचे नाव फक्त 'बांक' असे एकाच शब्दात लिहिलेले आहे आणि प्रकाराच्या रकान्यात चराऊ कुरण अशी नोंद आहे. माथा आणि त्याच्या पलीकडचा पश्चिम भाग 'टिपण' यांनी म्हटल्याप्रमाणे पूर्णपणे कोरा आहे. पश्चिमेच्या पायथ्याला, ओढ्याजवळ, एका लहान घराचे नाव मात्र 'केव्हन'ने सुरू होणारेच आहे, आणि ते सहा इंची नकाशावरच्या विरळ अक्षरांतील नावाशी जुळते. सहा इंचीच्या पहिल्या आवृत्तीत त्या घराची आकृती आहे. दुसऱ्या आवृत्तीत घर दिसत नाही, पण टेकडीवरचे नाव तसेच आहे. आज त्या जागी अंगाला खाज आणणाऱ्या बिच्छूबुटीच्या झाडोऱ्यात गुडघाभर उंचीची दगडी भिंत आणि चुलीच्या जागेचा मोठा आडवा दगड एवढे उरले आहे.

आता अडचण अशी, की 'केव्हन' हे नाव मूळचे घराचे आणि मोजणीदाराने ते टेकडीवर पसरवले, की मूळचे धारेचे आणि घराने ते घेतले?

जुनी वहिवाट

केवळ नकाशावरून विचाराल तर मी दुसऱ्या शक्यतेकडे झुकतो. 'केव्हन' हा भूरूपाचा शब्द आहे आणि घर पायथ्याला, ओढ्याजवळ आहे असे आपणच लिहिले आहे. ओढ्याकाठच्या घराला कोणी उगाच 'पाठ' किंवा 'धार' म्हणणार नाही. मागे उभ्या असलेल्या धारेवरूनच ते नाव आले असणार. शिवाय घर पडल्यावरही दुसऱ्या आवृत्तीत नाव टिकले, म्हणजे ते निव्वळ घराला चिकटलेले नव्हते. तरीही फेरतपासणी करणाऱ्याने जुने पत्रक तसेच पुढे चालवले असण्याची शक्यता शिल्लक राहते, हे मान्य करायला हवे.

माथा आणि मेंढी

मी या चर्चेत थोडा वेगळा सूर लावणार आहे. इतक्या नकाशांची चर्चा झाली, पण जे शेजारी रोज त्या टेकडीवर जातात त्यांना आपण अजून एकच प्रश्न विचारला आहे: या टेकडीला काय म्हणतात? हा प्रश्न आपल्यासारख्या माथा गाठणाऱ्यांचा आहे. आपल्याला एका बिंदूचे नाव हवे असते. मेंढपाळाला बिंदूचे काम नसते. त्याचे काम असते ते कळप कुठून कुठपर्यंत चरतो याच्याशी. वेल्शमध्ये मेंढ्यांच्या अशा सवयीच्या, पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेल्या चराईच्या प्रदेशाला 'कनेव्हिन' म्हणतात, आणि टाइथ नकाशे संगणकावर आणण्याच्या प्रकल्पालाही हेच नाव देण्यात आले होते. मला ते फार समर्पक वाटते, कारण डोंगरातील बहुतेक नावे अशा प्रदेशांची आहेत, शिखरांची नाहीत.

म्हणून सहा इंची पत्रकाची छापील प्रत घेऊन शेजाऱ्यांकडे जा आणि विचारा, 'तुमचा बांक कुठे संपतो?' तोंडाने सांगण्यापेक्षा त्यांना कागदावर बोट फिरवू द्या. आपण आधी नाव सुचवू नका, कारण सौजन्यापोटी माणसे पाहुण्याचे म्हणणे मान्य करून टाकतात. मग पलीकडच्या बाजूच्या शेतकऱ्यांनाही तेच विचारा. माथ्यावरून हद्दरेषा गेली आहे, असे आपण पहिल्याच संदेशात लिहिले होते. ज्या टेकडीच्या दोन बाजू दोन पॅरिशमध्ये आहेत, तिला दोन बाजूंनी दोन नावे असणे अगदी स्वाभाविक आहे.

नाव ठरवणे आणि नाव शोधणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असाही माझा आग्रह आहे. २००९ मध्ये 'गार्नेड इखाव' या ९२६ मीटरच्या शिखराचे नाव नकाशावर 'कार्नेड ग्वेनल्लियान' झाले. राजकन्या ग्वेनल्लियानच्या स्मरणार्थ लोकांनी मोहीम चालवून ते घडवून आणले. २०२२ मध्ये तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणाने वेल्समधील सर्वांत उंच शिखरासाठी 'स्नोडन'ऐवजी 'अर विद्वा' वापरण्याचा निर्णय घेतला. ते नाव मात्र वेल्श बोलणाऱ्यांच्या तोंडी आधीपासूनच होते. दोन्ही निर्णयांचा मला आदर आहे, परंतु ते समाजाचे निर्णय आहेत. आपण एकट्याने तसा निर्णय घ्यायचा नाही. आपल्याला जे सापडले ते, ज्या जमिनीवर सापडले त्या जमिनीसह कळवायचे.

पायवाट

आपला सल्ला मानून काल संध्याकाळी शेजाऱ्यांकडे गेलो. स्वयंपाकघरातील टेबलावर पत्रक पसरले. त्यांनी चष्मा लावला, आधी आपले घर शोधले, मग अंगठा पूर्व उतारावरून हळूहळू वर नेला आणि डोंगराच्या दगडी भिंतीपाशी थांबवला. तेथपर्यंत बांक, असे ते म्हणाले. भिंतीच्या वर काय, असे मी विचारल्यावर ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, 'अ मनिद.' म्हणजे नुसता 'डोंगर'. ती भिंत टाइथ नकाशावरील 'बांक' या तुकड्याच्या वरच्या कडेशी जुळते, आणि माथा तिच्यापलीकडे सुमारे दीडशे मीटरवर आहे.

'केव्हन' हे नाव त्यांनी वडिलांकडून ऐकलेले आहे, पण ते पलीकडच्या लोकांचे, असे त्यांनी सांगितले. पश्चिमेच्या खोऱ्यात ज्या कुटुंबाच्या मेंढ्या अजून त्या धारेवर चढतात, त्यांच्या घरातील आजींना भेटण्यासाठी त्यांनी लगेच दूरध्वनी करून येत्या शनिवारची वेळ ठरवून दिली आहे.

यादीच्या संपादकांना मी सध्या एवढेच कळवले आहे: पायथ्याच्या शेताचे नाव टेकडीला लावू नये, 'बांक' हे भिंतीखालच्या पूर्व उताराचे नाव असल्याचे टाइथ पत्रक आणि शेतकरी दोघेही सांगतात, आणि माथा ज्या धारेवर आहे तिच्यावर सहा इंची नकाशाच्या दोन्ही आवृत्त्यांत 'केव्हन'चे नाव आहे, त्याची तोंडी खातरजमा व्हायची आहे. शनिवारी पत्रकाची कोरी प्रत घेऊन जाईन आणि त्यावर आजींचे बोट कुठून कुठे फिरले, ते येथे लिहीन.